साक्ष आणि भाडे : शोधयंत्राच्या बाजारात आपला व्यवसाय
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनातील उद्योग-व्यापार सत्रात केलेले भाषण)



संघाच्या कार्यकारी मंडळाने यंदा आमच्याकडे जो विषय सोपविला आहे, तो आपल्या स्मरणिकेच्या पानांना काहीसा नवखा वाटेल. गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार, वधूवर-सूचक मंडळ, शिक्षणनिधी हे आपले नेहमीचे विषय. परंतु ज्या घरांतून हा शिक्षणनिधी जमतो, त्या घरांचा चरितार्थ आज कोणत्या वाटेने चालतो, याचाही विचार संघाने करावयास हवा. ती वाट बदलली आहे, आणि बदललेल्या वाटेवर आपली पाटी कोणास दिसत नाही, अशी पुष्कळांची तक्रार आहे. म्हणून हा प्रपंच.

आपल्या वडिलांच्या पिढीचा व्यापार ओळखीवर चालत असे. केळवे-माहीमची पाने, डहाणू-घोलवडचे चिकू, सातपाटीचे पापलेट, चिंचणी-तारापूरच्या बाजूस घडविले जाणारे दागिन्यांचे साचे, यांचे गिऱ्हाईक दलालाच्या तोंडून, पाहुण्याच्या शिफारशीने किंवा आगगाडीच्या डब्यातील बोलण्यातून मिळे. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत् केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरजवळ औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत उभी राहिली आणि आपल्या मुलांनी वाडीबरोबर लेथही हाती घेतला. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. एवढे सारे होत असता गिऱ्हाइकाची पहिली पायरीही बदलली. वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या खरेदी-अधिकाऱ्यास यंत्राचा एक सुटा भाग घडवून हवा असेल, तर तो आता कोणास विचारावयास जात नाही. तो खिशातील मोबाईल काढून त्यावर चार शब्द लिहितो. आपला कारखाना त्याच्या कुंपणाला लागून असला, तरी त्या चार शब्दांच्या उत्तरात आपले नाव नसेल, तर त्याच्या लेखी आपण अस्तित्वातच नाही. दूरच्या शहरातील अपरिचित माणूस ते काम घेऊन जातो. ही तक्रार आमच्याकडे आणणाऱ्या घरांनी संकेतस्थळ करून घेतले होते, त्यासाठी पैसेही मोजले होते. पाटी होती, पण ती आडरानात लावलेली होती.

यास्तव प्रथम हे शोधयंत्र उत्तरांचा क्रम लावते तरी कसे, ते पाहू. गूगल ही कंपनी सप्टेंबर १९९८ मध्ये स्थापन झाली. तत्पूर्वी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी एक पद्धत बसविली होती. त्यापूर्वीची शोधयंत्रे मुख्यतः एखाद्या पानावर विचारलेले शब्द किती वेळा आले आहेत हे पाहत; त्यामुळे जो आपल्या पानावर 'उत्तम, उत्तम' असे शंभरदा लिहील तो उत्तम ठरे. पेज व ब्रिन यांनी विचारले, की हा स्वतःविषयी काय म्हणतो ते राहू द्या. इतर त्याच्याविषयी काय म्हणतात? एका संकेतस्थळावरून दुसऱ्याकडे जो दुवा दिलेला असतो, तो त्यांनी साक्षीसारखा मानला. ही कल्पना विद्वानांच्या जगात जुनीच होती. कोणत्या शास्त्रीय निबंधाचा उल्लेख किती निबंधांत झाला, याची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. नव्या पद्धतीत विशेष एवढाच, की सर्व साक्षी सारख्या तोलाच्या धरल्या नाहीत. ज्याच्या बाजूने पुष्कळांनी साक्ष दिली आहे, त्याच्या साक्षीला वजन अधिक. आणि एकाच पानाने चारांची शिफारस केली तर प्रत्येकाच्या वाट्यास चौथा हिस्सा, चारशेंची केली तर चारशेवा हिस्सा. जो माणूस सर्वांचीच स्तुती करतो, त्याच्या स्तुतीची किंमत आपण व्यवहारात जेवढी धरतो, तेवढीच ती यंत्रानेही धरली. आज क्रम लावताना दुव्यांखेरीज इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात; मजकूर विचारलेल्या प्रश्नास धरून आहे काय, पान मोबाईलवर नीट वाचता येते काय, विचारणारा कोठे उभा आहे, इत्यादी. तथापि साक्षीचे तत्त्व सुटलेले नाही.

आता आपल्या संघाशी या गोष्टीचा जो संबंध येतो, तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साक्षीला वजन आहे हे कळताच अनेकांच्या मनात एक युक्ती येते, आणि संघाच्या बैठकीतही ती मांडली गेली आहे. आपली दोन-अडीचशे कुटुंबे व्यवसायात आहेत. प्रत्येकाने आपल्या संकेतस्थळावर बाकीच्या सर्वांचे दुवे द्यावेत, म्हणजे एका दिवसात प्रत्येकास दोनशे साक्षीदार मिळतील! हेतू बंधुभावाचा आहे, यात संशय नाही. परंतु घरच्या माणसांच्या साक्षीवर न्यायालय किती विसंबते, ते आपण जाणतोच. यंत्राला आपली ज्ञाती कळत नाही, आडनावही कळत नाही. पण काही स्थळे एकमेकांनाच दुवे देत आहेत आणि बाहेरून त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही, असे बंद वर्तुळ त्याला कळते. दुव्यांची अशी अतिरेकी देवाणघेवाण गूगलने आपल्या नियमांत स्पष्टपणे गैर ठरविली आहे. २४ एप्रिल २०१२ रोजी 'पेंग्विन' या नावाने ओळखला जाणारा बदल त्याने अमलात आणला, आणि बनावट दुव्यांच्या बळावर वर चढलेली अनेक संकेतस्थळे खाली आली. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०११ मध्ये, अमेरिकेतील जे. सी. पेनी या जुन्या व नामांकित दुकानदार कंपनीचे प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणले. कापडचोपडापासून गालिच्यांपर्यंत कशाचाही शोध केला तरी तिचे नाव अग्रभागी येई; तपासाअंती असंबद्ध अशा हजारो पानांवर तिचे दुवे पेरलेले आढळले. गूगलने शिक्षा करताच ती पहिल्या क्रमांकावरून कित्येक पाने मागे गेली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या चार खोल्यांच्या घरगुती निवासाची काय कथा?

पैसे देऊन दुवा घेणे हे मुळातच पाप आहे काय, अशी शंका येथे कोणी काढील. आपल्या स्मरणिकेचेच उदाहरण घ्या. तिच्या शेवटच्या पानांवर शुभेच्छांच्या जाहिराती असतात, आणि त्या जाहिराती आहेत हे प्रत्येक वाचकास ठाऊक असते; त्यात फसवणूक नाही. पण उद्या कोणी पैसे भरून आपल्या मालाची स्तुती लेख म्हणून छापून घेतली, तर वाचकाचा सर्वच लेखांवरील विश्वास उडेल. गूगलचा नियम याहून निराळा नाही. विकत घेतलेल्या दुव्यावर तो विकतचा आहे अशी खूण पानाच्या अंतर्गत लेखनात करावी; म्हणजे यंत्र त्याला साक्ष म्हणून मोजत नाही. दुव्याला वजन देऊ नये अशी खूण २००५ पासून उपलब्ध आहे, आणि खास प्रायोजित दुव्यांसाठी वेगळी खूण २०१९ साली आली. हाच न्याय ग्राहकांच्या अभिप्रायांना लागू आहे. संमेलनाच्या मंडपात बसून साठ नातलगांनी एखाद्याच्या दुकानास पाच-पाच तारे देणे हे प्रेम खरे, पण अभिप्राय खोटा. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांविषयी मानक प्रसिद्ध केले आहे. म्हणजे या खोटेपणाची दखल आता सर्वत्र घेतली जात आहे.

मग खरी साक्ष मिळवावी कशी? ती आपल्या घराबाहेरून, आणि ज्याला आपल्या कामाची पारख आहे त्याच्याकडून आली पाहिजे. ज्या कारखान्यास आपण माल पुरवितो, तो आपल्या पुरवठादारांची यादी प्रसिद्ध करीत असेल, तर तीत नाव घालण्याची विनंती करावी. 'टिमा' या नावाने परिचित असलेल्या तारापूरच्या उद्योजकसंघासारख्या संस्थेचे आपण सभासद असू, तर तेथील नोंद पूर्ण व अचूक आहे काय ते पाहावे. चिकूच्या बागायतदाराने आपल्या फळाविषयी सांगण्याजोगे सांगावे. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला, वाड्याच्या कोलम तांदुळास २०२१ साली मिळाला. या नावाखाली विक्री करण्यासाठी अधिकृत उपयोगकर्ता म्हणून उत्पादकास नोंदणी करता येते. ज्याने ती केली आहे त्याने तसे लिहावे, फळ केव्हा उतरवितात, कसे पिकवितात, किती दिवस टिकते हे लिहावे. असे पान कोणी कृषिलेखक, कोणी पाककृती लिहिणारी गृहिणी, कोणी विद्यार्थी आपणहून पुढे दाखवील. तीच साक्ष. तिला वेळ लागतो. कलम लावल्याबरोबर फळ येत नाही, हे बागायतदारांस सांगावयास नको.

परंतु साक्षीदाराने नाव घ्यावयाचे तर ते नाव निःसंदिग्ध हवे, आणि नेमके येथेच आपल्या भागातील मंडळी ठेचाळतात. आपल्या पूर्वजांस ही अडचण ठाऊक होती. नुसते 'माहीम' म्हटले तर मुंबईचे माहीम डोळ्यांपुढे येते, म्हणून त्यांनी 'केळवे-माहीम' अशी जोडी लावली. यंत्रापुढेही तीच अडचण आहे आणि उपायही तोच. औद्योगिक वसाहतीचे नाव तारापूर, पण तिचे रेल्वे स्थानक बोईसर, आणि तारापूर हे मूळ गाव समुद्रकाठी किल्ल्याच्या सावलीत निराळेच आहे. शिवाय गुजरातेत आणंद जिल्ह्यात एक तारापूर आहे, बिहारात मुंगेर जिल्ह्यात दुसरे आहे. कोणी 'तारापूर' शोधतो, कोणी 'बोईसर', कोणी 'पालघर'. यास्तव आपल्या पानावर तिन्ही नावे एका सरळ वाक्यात यावीत : आमचा कारखाना पालघर जिल्ह्यात, बोईसर स्थानकाजवळ, तारापूर औद्योगिक वसाहतीत आहे. पत्ता सर्व ठिकाणी एकाच पद्धतीने लिहावा. गूगलच्या नकाशावरील व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. तीत कामाच्या वेळा, दूरध्वनी आणि स्वतः काढलेली छायाचित्रे असावीत. केळव्यास येणारा पर्यटक निवास शोधतो तो बहुधा या नकाशावरच.

आता दुसऱ्या भागाकडे वळू. साक्ष ही कमवावी लागते. जाहिरातीची जागा भाड्याने मिळते. या धंद्याचा आरंभ १९९८ साली अमेरिकेतील बिल ग्रॉस यांच्या 'गो-टू' या शोधयंत्राने केला. जो प्रत्येक टिचकीस अधिक पैसे देईल तो वर, असा तेथे उघड लिलाव असे. मौजेची गोष्ट अशी, की त्याच वर्षीच्या आपल्या निबंधात पेज व ब्रिन यांनी जाहिरातीवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकेल अशी भीती व्यक्त केली होती. आणि २००० साली गूगलनेच जाहिराती घेण्यास आरंभ केला. २००२ पासून तेथे टिचकीगणिक लिलाव चालतो. मात्र त्यात केवळ पैशाचा जोर चालत नाही, हे लहान व्यावसायिकाने नीट ध्यानी घ्यावे.

सोपे करून सांगतो. समजा, एका मोठ्या कंपनीने एका टिचकीस २० रुपये बोली लावली, पण तिची जाहिरात विचारलेल्या प्रश्नाशी फारशी जुळत नाही, म्हणून यंत्राने तिला गुणवत्तेचे ४ गुण दिले. आपण १२ रुपयेच बोली लावली, पण जाहिरात नेमकी आहे आणि तीवरून उघडणारे पानही नेमके उत्तर देते, म्हणून ८ गुण मिळाले. कंपनीचा गुणाकार ८०, आपला ९६. आपण वर राहतो; आणि द्यावे लागतात ते १२ रुपये नव्हेत, तर खालच्यास मागे टाकण्यापुरतेच, म्हणजे ८० भागिले ८, सुमारे १० रुपये. प्रत्यक्षातील हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण तत्त्व हेच. वरच्याने खालच्याच्या बोलीपुरतेच द्यावे, या विचाराची शास्त्रीय मांडणी विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली केली होती, आणि १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लिलावाचा शास्त्रज्ञ आणि नाव विक्री, हा योगायोग मराठी माणसास गमतीचा वाटेल.

शब्दांची निवड मात्र जपून करावी. आपल्या साचे घडविणाऱ्या कारागिरांचेच उदाहरण पाहा. या साच्यांना आपण सर्व 'डाय' म्हणतो. कापड रंगविण्याच्या रंगासही व्यापारात 'डाय' असेच म्हणतात. इंग्रजी लेखनात दोहोंत एका अक्षराचा फरक, देवनागरीत तोही नाही. वसाहतीत रंगद्रव्यांचा व्यवहार असल्यामुळे 'डाय, तारापूर' एवढ्याच शब्दांवर जाहिरात लावली, तर रंग शोधणारे टिचक्या मारतील आणि पैसे आपल्या खिशातून जातील. म्हणून 'दागिन्यांचे डाय', 'बांगडीचे डाय', 'सोन्याच्या पत्र्याचे साचे' असे पुरते शब्द घ्यावेत, आणि 'रंग', 'केमिकल', 'नोकरी' हे शब्द वर्ज्य म्हणून नोंदवावेत. तशी सोय तेथे आहे. तद्वत प्रदेशही ठरवावा. साच्यांचे गिऱ्हाईक मुंबईच्या झवेरी बाजारात, राजकोटला, कोइमतूरला असेल. लेथकामाचे गिऱ्हाईक वसाहतीच्या दहा-वीस किलोमीटरांत असेल. केळव्याच्या निवासाचे गिऱ्हाईक वसई-ठाणे-मुंबईत असेल. तिघांनीही सर्व भारतभर जाहिरात करणे म्हणजे घरच्या कार्याचे आमंत्रण चव्हाट्यावर उभे राहून देण्यासारखे आहे.

आणि शेवटी वही. टिचकी म्हणजे विक्री नव्हे. समजा, १० रुपयांप्रमाणे १०० टिचक्या झाल्या. १००० रुपये खर्च, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ११८० रुपये. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास हा कर पुढे वजा मिळू शकतो. घरगुती धंद्यास तो खर्चच. १०० जणांतून ५ जणांनी दूरध्वनी केला आणि एकाने काम दिले. त्या कामात ८०० रुपये सुटणार असतील, तर आपण ३८० रुपयांनी खड्ड्यात गेलो. ३००० सुटणार असतील, तर जाहिरात अवश्य चालवावी. येणाऱ्या प्रत्येक दूरध्वनीस 'आमचे नाव कोठे पाहिले?' एवढे विचारून वहीत टिपून ठेवणे, हे कोणत्याही महागड्या सल्ल्याहून उपयोगाचे आहे. भाडे थांबविले की जागा त्याच क्षणी जाते. साक्ष मागे उरते. म्हणून जाहिरात हंगामापुरती वा नव्या कामाच्या ओळखीपुरती असावी, आणि कायमचा भर साक्षीवर असावा.

या क्षेत्रात फसवणूक फार आहे. आपल्यातील एका भगिनीने समुद्रकाठी घरगुती निवास थाटला. एका दलालाने दूरध्वनीवरून 'पहिल्या क्रमांकाची हमी' देऊन त्यांच्याकडून वर्षाचे पैसे आगाऊ घेतले. पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाही देता येत नाही, असे गूगलच सांगते. क्रमांक तर आला नाहीच. पण त्या दूर होऊ लागल्या तेव्हा कळले, की संकेतस्थळाचे नाव दलालाच्या नावे नोंदलेले, जाहिरातीचे खाते त्याचे, परवलीचा शब्दही त्याच्याच हाती. पाहुण्यांनी लिहिलेले चांगले अभिप्राय ज्या नोंदीवर होते, तिच्या किल्ल्याही त्यांच्यापाशी नव्हत्या. तीन हंगामांची पुण्याई परक्या तिजोरीत अडकली. घर बांधताना सातबारा गवंड्याच्या नावावर आपण करीत नाही. तीच दक्षता येथे हवी. नाव, खाते आणि परवलीचा शब्द घरच्या कर्त्या माणसापाशी, आणि दलालास केवळ कामापुरती परवानगी.

२०२४ पासून गूगल पुष्कळ प्रश्नांवर यंत्राने रचलेले उत्तरच सर्वांत वर दाखवू लागले आहे. त्यामुळे खालच्या दुव्यांपर्यंत न जाताच कित्येकांचे समाधान होते. आता कष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ते यंत्रही कोणाच्या तरी पानांवरूनच उत्तर जुळविते. ज्याने आपले काम स्पष्ट, खरे आणि पुरते लिहिले आहे व ज्याचे नाव इतरांनी घेतले आहे, त्याचीच आशा तेथेही अधिक.

तेव्हा संघास आमची विनंती तीन कलमांची आहे. एक, परस्परांना दुवे देण्याची योजना सोडून द्यावी. त्याऐवजी संघाने व्यवसायांची एक सूची करावी, आणि ती माणसांनी वाचण्यासाठी करावी. नाव, गाव, नेमके काम आणि किती वर्षांचा अनुभव, एवढे तीत खरे लिहावे. दुसरे, आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी सुटीत दोन-दोन घरे वाटून घेऊन त्यांचे पान लिहून द्यावे, नकाशावरील नोंद दुरुस्त करावी, वहीचा हिशेब बसवून द्यावा. शिक्षणनिधीतून शिकलेल्या मुलांनी ही परतफेड करावी, असे आम्हांस वाटते. तिसरे, कोणत्याही दलालाशी करार करण्यापूर्वी तो कागद संघाच्या जाणत्या मंडळींस दाखवावा.

ज्ञातिसंघाचे बळ एकमेकांचे गोडवे गाण्यात नाही. परक्याने आपणहून नाव घ्यावे असे काम हातून व्हावे, आणि ते काम परक्यास दिसावे, यासाठी एकमेकांस हात देणे हे संघाचे काम. आपल्या चिकूस, पानास व साच्यास आजवर जे नाव मिळाले, ते बाहेरच्यांनीच दिलेले आहे. ते नव्या बाजारातही मिळावे, अशी आमची इच्छा आहे.